सॅल्व्हटोर आणि मायकेलसन: यातल्या कोणाच्या शब्दावर विसंबावं?

उंबरठा:

'द व्हॅम्पायर डायरीज' (२००९ ते २०१७, ८ सीझन) आणि त्यातून निघालेली 'द ओरिजिनल्स' (२०१३ ते २०१८, ५ सीझन) या व्हॅम्पायरांच्या टीव्ही मालिकांचा विषय निघाला की चर्चा ठरल्या वळणाने जाते. सॅल्व्हटोर भावांत स्टेफन चांगला, डेमन वाईट. मायकेलसन भावांत एलायजा सज्जन, क्लाउस क्रूर. मला वाटतं, यात दोन वेगळे प्रश्न एकत्र होतात. माणूस नीतीने चांगला आहे का हा एक प्रश्न. तो उद्या काय करेल याचा आपल्याला भरवसा आहे का हा दुसरा. दोन्ही मालिका या दुसऱ्या प्रश्नावर उभ्या आहेत. धागा त्याच्यासाठीच काढला आहे, आणि फक्त भावंडांपुरता. शेवटच्या भागांपर्यंतचं सगळं यात उघड होणार आहे. मालिका बघायची राहिली असेल तर इथेच थांबा.

कोणी शब्द पाळला आणि कोणी मोडला हे ठरवायचं तर आधी त्या जगाचे नियम हिशेबात घ्यायला हवेत. साधा व्हॅम्पायर माणसाला कंपेल करू शकतो (म्हणजे डोळ्यांत बघून हवं ते करायला लावू शकतो), आणि रक्तात व्हर्वेन ही वनस्पती असेल तर कंपल्शन चालत नाही. ओरिजिनल्स म्हणजे सगळ्यात पहिले व्हॅम्पायर, मायकेलसन भावंडं, तर इतर व्हॅम्पायर्सनाही कंपेल करतात. त्यामुळे पहिला प्रश्न नेहमी हा: कृती स्वतःच्या मर्जीने झाली का? दुसरा प्रश्न माणुसकीच्या स्विचचा, म्हणजे व्हॅम्पायरला स्वतःच्या भावना बंद करता येतात त्याचा. स्वतः बंद केला असेल तर नंतरच्या सगळ्याची जबाबदारी त्याचीच. कोणी जबरदस्तीने बंद करवला असेल (सीझन ३, भाग ५ मध्ये क्लाउस स्टेफनला करायला लावतो तसा) तर ती नोंद वेगळ्या खात्यात. तिसरा प्रश्न म्हणजे शब्द कोणाला दिला होता आणि त्या शब्दाच्या वरचा आणखी एखादा शब्द आधीच दिलेला होता का. चौथा सगळ्यात महत्त्वाचा: शब्द पाळण्याची किंवा मोडण्याची किंमत कोणी मोजली?

आता १८६४ घ्या. सगळे म्हणतात की डेमनने भावाचं आयुष्य नासवलं. पण क्रम बघा. कॅथरीन व्हॅम्पायर आहे आणि दोघा भावांचं तिच्यावर प्रेम आहे. डेमन स्टेफनला सांगतो की तिच्याबद्दल वडिलांना काही कळू देऊ नकोस, आणि स्टेफन कबूल करतो. मग तोच वडिलांपुढे विषय काढतो, सगळे व्हॅम्पायर वाईटच असतात असं कशावरून, या सुरात. हेतू चांगला, वडिलांवर विश्वासही खरा. जुझेप्पे सॅल्व्हटोरला तेवढं पुरतं. तो स्टेफनच्या पेयात व्हर्वेन मिसळतो, कॅथरीन त्याचं रक्त पिते आणि पकडली जाते. तिला सोडवताना दोघे भाऊ वडिलांच्याच गोळीने मरतात, पण अंगात तिचं रक्त असल्याने पुन्हा उठतात; आता माणसाचं रक्त प्यायलं तर व्हॅम्पायर, नाही तर मरण. पुढे रक्ताची चव लागलेला स्टेफन एक मुलगी घेऊन डेमनकडे येतो आणि त्याला प्यायला लावतो. डेमनला मरायचं होतं. म्हणजे भावाला दिलेला शब्द मोडला स्टेफनने, आणि त्याच भावाचा मरण्याचा निर्णयही काढून घेतला स्टेफनने. दोन्ही वेळा प्रेमापोटी, दोन्ही वेळा किंमत डेमनने मोजली.

उलट डेमन तेव्हाच तोंडावर सांगतो की तुझं पुढचं अनंतकाळचं आयुष्य मी दुःखाचं करीन, आणि जवळजवळ दीडशे वर्षं तसंच वागतो. हे नीतीने भयंकर आहे, पण भरवशाच्या मापाने बघितलं तर तो शब्दाला जागला.

एलायजाबद्दल माझं मत याहून कडक आहे. डायरीजच्या सीझन २ मध्ये तो नायिका एलेनाला वचन देतो की क्लाउस करणार असलेला तुझ्या बळीचा विधी संपून तो दुबळा झाला की त्याला मी मारीन. भाग २१ मध्ये तो क्षण येतो, हात क्लाउसच्या छातीत असतो. क्लाउस एवढंच सांगतो की बाकीच्या भावंडांना मी समुद्रात टाकलेलं नाही, ती सुरक्षित आहेत, तुला त्यांच्याकडे नेतो. एलायजा एलेनाच्या माणसांकडे बघून माफी मागतो आणि क्लाउसला घेऊन नाहीसा होतो. एलेनाची मावशी जेना गेली, जन्मदाता जॉन गिल्बर्ट गेला, किंमत पूर्णपणे बाहेरच्यांनी मोजली. पुढच्याच भागात क्लाउस एलायजाला खंजीर मारून शवपेटीत टाकतो. क्लाउसने त्याला भावंडांकडे नेलं हे खरंच, पण त्यांच्या शेजारच्या पेटीत. माझा निष्कर्ष असा की बाहेरच्या माणसासाठी मायकेलसनांमधला सगळ्यात धोकादायक भाऊ एलायजा आहे, कारण त्याच्या शब्दावर लोक खरोखर बेत आखतात.

रातकिडा:

एलायजाबद्दल सहमत. डेमनला मात्र फार सोडून दिलं आहे तुम्ही. जो वाईट वागेन म्हणून सांगतो तो भरवशाचा, असं मानलं तर बाकीच्या नोंदींचं काय करणार?

सीझन २ च्या उत्तरार्धात क्लाउसला घरात शिरता येऊ नये म्हणून सॅल्व्हटोर भाऊ घराची मालकी कागदोपत्री एलेनाच्या नावे करतात. जिवंत माणूस मालक असला की आमंत्रणाशिवाय व्हॅम्पायर उंबरठा ओलांडू शकत नाही. म्हणजे त्या क्षणी दोघे भाऊही बाहेर उभे. एलेना स्टेफनला लगेच आत बोलावते. डेमनला दारात थांबवून आधी कबूल करून घेते की गोष्टी माझ्या पद्धतीने होतील. तो हो म्हणतो आणि आत येतो. भाग २० मध्ये तोच डेमन तिच्या मनाविरुद्ध, जबरदस्तीने तिला स्वतःचं रक्त पाजतो, म्हणजे बळीनंतर ती व्हॅम्पायर होऊन का होईना पण परत येईल. तिला व्हॅम्पायर व्हायचं नव्हतं आणि त्याला ते माहीत होतं. जॉनने स्वतःचा जीव दिला म्हणून ती माणूस राहिली.

हा मोडलेला शब्द कंपल्शनखाली नव्हता, स्विचही बंद नव्हता. तुमच्या चारही प्रश्नांवर डेमन इथे नापास होतो. आणि १८६४ मध्ये स्टेफनने त्याच्याशी जे केलं, अगदी तेच तो एलेनाशी करतो: समोरच्याचा मरण्याचा निर्णय हिसकावणं. दोन भावांतला फरक लोक समजतात त्याहून कमी आहे.

लेक्सीही विसरू नका. सीझन १, भाग ८. ती स्टेफनची सगळ्यात जुनी मैत्रीण, आणि त्याला रक्ताच्या व्यसनातून ती बाहेर काढू शकत होती. शेरीफचा संशय स्वतःवरून हटावा म्हणून डेमन तिला स्टेफनच्या १६२व्या वाढदिवशी मारतो. 'दुःखाचं आयुष्य करीन' हे वचन पाळणं म्हणजे हेच असेल तर मी त्याला भरवसा म्हणणार नाही.

उंबरठा:

रक्त पाजण्याचा मुद्दा मान्य. तो माझ्या मांडणीत बसत नाही आणि बसवायचा प्रयत्नही करत नाही. लेक्सीबद्दल मात्र एक भेद राहतो. तिच्या बाबतीत डेमनने कोणाला शब्द दिलेला नव्हता. तो गुन्हा नीतीच्या खात्यात जातो, विश्वासघाताच्या नाही.

चांदणवेल:

मायकेलसनांची बहीण रिबेका हिच्याबद्दल कोणीच बोलत नाही हे या मालिकांच्या चाहत्यांचं नेहमीचंच. भरवशाचा प्रश्न खरा तिच्याभोवतीच फिरतो.

'कायम आणि अखंड' ही शपथ क्लाउस, एलायजा आणि रिबेका यांनी आईच्या थडग्यापाशी घेतली. त्या वेळी रिबेकाची समजूत होती की आईला मिकाएलने, वडिलांनी मारलं. मारलं होतं क्लाउसने. सीझन ३ च्या आठव्या भागात एलेनाकडून हे सत्य तिला कळतं, हजार वर्षांनी. म्हणजे ज्या शपथेवर या घराण्याची सगळी नीती उभी आहे ती घेताना तिघांपैकी एक जण बाकी दोघांपासून मूळ गोष्ट लपवत होता. कायद्याच्या भाषेत असा करार टिकला नसता. फसवून घेतलेली संमती ती.

आता खंजिरांचं तंत्र, कारण त्यावाचून तिचं वागणं कळत नाही. चांदीचा खंजीर, पांढऱ्या ओकच्या राखेत बुडवलेला, ओरिजिनलच्या हृदयात. खुपसलेला असेपर्यंत शरीर सुकून पडून राहतं, काढला की काही वेळाने जाग येते. त्याने मरण येत नाही, काळ जातो. थोरला भाऊ फिन ९०० वर्षं पेटीत होता. रिबेकाला १९२० च्या दशकात शिकागोत खंजीर मारला, कारण पळून जाताना तिने क्लाउसऐवजी स्टेफनची निवड केली. ती उठली तोपर्यंत जवळजवळ नव्वद वर्षं गेली होती, आणि स्टेफनची त्या काळची आठवण क्लाउसने कंपल्शनने पुसून टाकलेली होती. ही शिक्षा मारहाणीपेक्षा वाईट आहे. ज्यांच्यावर प्रेम केलं ती माणसं जागी होईपर्यंत म्हातारी होऊन मेलेली असतात.

अशा भावाविरुद्ध तिने त्याआधीच, १९१९ मध्ये, न्यू ऑर्लिन्समध्ये क्लाउसने वाढवलेल्या मार्सेलच्या साथीने मिकाएलला बोलावून घेतलं. ऑपेरा हाउस जळालं, मायकेलसनांना शहर सोडावं लागलं. हे उघड होतं 'द ओरिजिनल्स'च्या पहिल्या सीझनमध्ये, आणि भाग १६ मध्ये चंद्र उगवेपर्यंत न सुटणाऱ्या जादूच्या कुंपणात तिघं भावंडं स्मशानात अडकतात. तो भाग म्हणजे एक खटलाच आहे. रिबेका कबूल करते की मार्सेलवर प्रेम होतं, क्लाउसची भीती होती आणि त्याचा तिरस्कारही होता. तिन्ही गोष्टी एकदम. क्लाउस तिला मारत नाही, जाऊ देतो.

आणि त्याच सीझनच्या शेवटच्या भागात आपली नवजात मुलगी होप तो कोणाच्या हाती सोपवतो? रिबेकाच्या. शहराला सांगतात की बाळ मेलं. ज्या बहिणीने त्याच्या मागे वडिलांना लावलं तिच्यावर त्याने सगळ्यात मोठा भरवसा टाकला, आणि तिने तो निभावला. माझ्या मते दोन्ही मालिकांत मिळून भावंडांमधला विश्वास कमावला गेल्याचा हा सगळ्यात पक्का पुरावा आहे. शपथेने नाही कमावला तो. आधी विश्वासघात पूर्ण उघड झाला, मग कमावला.

पानगळ:

एक शंका. खंजीर क्लाउसवर चालत नाही असं भाग बघताना कळतं, पण 'द ओरिजिनल्स'मध्ये त्यालाही एकदा पेटीत टाकलेलं दाखवलं आहे. हे कसं? आणि डेमन एवढा उतावळा असून त्याने स्वतः एलायजाला खंजीर का मारला नाही?

चांदणवेल:

क्लाउसच्या अंगात लांडग्याचा वंश आहे, त्यामुळे चांदी त्याच्यावर चालत नाही. त्याचा भाऊ कोल याने फार पूर्वी खंजीर सोन्याचा करण्याची जादू शोधायला घेतली होती, ती दुसऱ्या सीझनमध्ये पूर्ण होते. तो सोनेरी खंजीर क्लाउसवर चालतो. होपवर टपलेली मावशी, जादूगारीण डालिया, येत असताना क्लाउस कोणाचंच ऐकेनासा होतो तेव्हा भावंडं तो वापरतात. हजार वर्षं जे हत्यार त्याने इतरांवर चालवलं ते त्याच्यावर चालतं, आणि त्याचा संताप बघण्यासारखा आहे. स्वतःच्या भावंडांनी केलं म्हणून तो त्याला विश्वासघात म्हणतो. स्वतः केलं तेव्हा त्याला तो कुटुंबाचं रक्षण म्हणत होता.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: साध्या व्हॅम्पायरने तो खंजीर ओरिजिनलला मारला तर मारणाराही मरतो. जॉनने डेमनला खंजिराची युक्ती सांगताना नेमकी ही अट गाळली. स्टेफन आणि एलेनाला ती जुन्या रोजनिशीतून वेळेत कळली, म्हणून सीझन २ च्या पंधराव्या भागात खंजीर चालवतात ती माणसं: आधी एलेनाचा शिक्षक अलॅरिक, आणि एलायजा पुन्हा उठल्यावर एलेना.

वाळूघड्याळ:

एलायजाची बाजू मांडतो. उंबरठा यांनी त्याच्या शब्दांची उतरंड अचूक पकडली आहे, पण ती उतरंड तो लपवत नाही. कुटुंब वर, बाकी खाली, हे ज्याला डोळे आहेत त्याला पहिल्या दिवसापासून दिसतं. सीझन ३, भाग १५ घ्या. एस्तरने, म्हणजे आईने, पाचही मुलांचे जीव जादूने एकमेकांना जोडलेत. एक मेला की सगळे. एलायजाने एलेनाला सरळ विचारलं होतं की आईचा हेतू काय, आणि एलेना खोटं बोलली. त्या वेळी शब्द तिने मोडला. मग तो तिला पळवतो आणि सॅल्व्हटोर भावांना मुदत देतो. परिणाम असा की विधीची शक्ती बेनेट घराण्याच्या रक्तातून येत होती, ती साखळी तोडायला डेमन एलेनाची मैत्रीण बॉनी बेनेट हिच्या आईला व्हॅम्पायर बनवतो. इथेही किंमत बाहेरच्याने मोजली, पण ती मोजायला लावली कोणी? निदान तीन घराण्यांनी मिळून.

माझी एलायजाबद्दलची खरी तक्रार वेगळी आहे. 'द ओरिजिनल्स'च्या दुसऱ्या सीझनमधला लाल दरवाजा. तातियाला, त्याचं जिच्यावर प्रेम होतं तिला, आईने मारलं असं तो हजार वर्षं मानत होता. प्रत्यक्षात नव्याने व्हॅम्पायर झालेल्या एलायजाच्याच हातून ती गेली, आणि आईने त्याची आठवण मनातल्या एका बंद दरवाजामागे टाकली. अंगावरचं रक्त धुवून टाक, स्वच्छ दिसलास तर कोणाला कळणार नाही, ही तिथली शिकवण. त्यानंतर त्याचे सूट आणि हात पुसायचा रुमाल पुन्हा बघा. सभ्यपणा हा त्याच्या नीतीचा भाग राहत नाही, ती नीती तपासायची वेळ येऊ नये म्हणून केलेली व्यवस्था ठरते. जो माणूस स्वतःशी प्रामाणिक नाही त्याने इतरांना दिलेल्या शब्दाची हमी कोण घेणार?

तिसऱ्या सीझनच्या अखेरीस याचं फळ मिळतं. मार्सेलच्या लाडक्या, मेलेल्या जादूगारीण डाविनाच्या आत्म्याचं रक्षण करायचं असं ठरलेलं असताना थोरली बहीण फ्रेया आणि एलायजा ते कवच मोडून ती शक्ती शत्रू ल्युसियनविरुद्ध वापरतात. मार्सेल भडकतो तेव्हा एलायजा, 'कुटुंबाचं रक्षण' म्हणून, त्याचं हृदय काढतो. मार्सेल क्लाउसने वाढवलेला मुलगा, म्हणजे कुटुंबच. ताकद वाढवणारं सीरम आधीच पोटात असल्यामुळे तो उठतो तो ओरिजिनल्सहून बलवान होऊन. त्यापुढची पाच वर्षं क्लाउस त्याच्या कैदेत आणि बाकी भावंडं जादूच्या निद्रेत. एका भावाने न विचारता घेतलेल्या निर्णयाची ही किंमत, आणि या वेळी ती घरच्यांनी मोजली.

रातकिडा:

फिनबद्दल एक ओळ. तो एकटाच कधी खोटं बोलला नाही. आपण सगळे निसर्गाविरुद्धचे अपराध आहोत आणि संपलो पाहिजे, हे तो प्रामाणिकपणे मानत होता आणि आईच्या बेतात स्वतःचाही जीव द्यायला तयार होता. तत्त्वाने पाहिलं तर भावंडांतला सगळ्यात नीतिमान. त्याच्याबरोबर मात्र एकाही भावंडाला एका छपराखाली झोपता आलं नसतं.

पानगळ:

डायरीजच्या सहाव्या सीझनमधली जेमिनी या जादूगार टोळीतली जुळी पण यात घ्यायला हवीत. तिथे विश्वासघात हा रीतीचाच भाग आहे. जुळ्यांनी २२व्या वर्षी एकत्र मिसळण्याचा विधी करायचा, दुबळा मरतो, बलवान टोळीचा प्रमुख होतो. म्हणजे लहानपणापासून प्रत्येकाला माहीत की शेजारी झोपलेलं भावंड एक तर आपल्याला गिळणार किंवा आपण त्याला. काय नावाच्या जुळ्याला स्वतःची जादू नाही, तो दुसऱ्याची शोषतो, म्हणून बापाने त्याला नाकारलं आणि त्याने भावंडांची कत्तल केली. शिक्षा म्हणून १० मे १९९४ हा एकच दिवस पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुरुंगजगात त्याला डांबलं.

या सगळ्यात लक्षात राहतो तो लूक. लिव्ह आणि लूक जुळी, लूक जास्त बलवान, म्हणजे विधीत लिव्ह मरणार हे ठरलेलं. भाग १२ मध्ये तो कोणालाही न सांगता कायबरोबर विधी करतो आणि हरतो. लिव्हला विचारलं असतं तर तिने होऊ दिलं नसतं, म्हणून विचारलंच नाही. यात स्टेफनसारखीच चाल आहे, पण किंमत स्वतः मोजली. उंबरठा यांच्या चौथ्या प्रश्नाला इथे उत्तर मिळतं.

उंबरठा:

लूकवरून डायरीजच्या शेवटच्या भागाकडे जावंच लागेल (१० मार्च २०१७). स्टेफन तोवर माणूस झालेला आहे, व्हॅम्पायरपणावरचा एकमेव उपाय त्याच्या रक्तात आहे. कॅथरीनला नरकाग्नीत धरून ठेवायला बोगद्यात कोणीतरी थांबायला हवं. डेमन ठरवतो की तो मी, आणि भावाने अडवू नये म्हणून त्याला कंपेल करून निघून जायला सांगतो. स्टेफनच्या अंगात व्हर्वेन असतं. कंपल्शन लागू पडत नाही, पण तो पडल्यासारखं दाखवतो, मग बोगद्यात येऊन स्वतःच्या रक्तातला उपाय डेमनला टोचतो आणि त्याच्या जागी मरतो.

दोघेही एकमेकांची मर्जी डावलतात. डेमन कंपल्शन वापरून, स्टेफन ते लागू झाल्याचं सोंग करून. १८६४ मध्ये स्टेफनने भावाला रक्त पाजून व्हॅम्पायर केलं, इथे रक्त टोचून माणूस केलं, आणि दोन्ही वेळा विचारलं नाही. फरक किमतीचा. पहिल्यांदा ती डेमनची, दुसऱ्यांदा स्टेफनची. म्हणून पहिल्या कृतीला मी विश्वासघात म्हणतो आणि दुसरीला म्हणत नाही.

चांदणवेल:

किमतीवरून सगळं ठरवलं तर विचारण्याचं महत्त्वच उरत नाही. डेमनला विचारा की भावाशिवाय माणूस म्हणून जगायचं होतं का. ती किंमतही त्यानेच मोजली की.

माझ्या मते याच्या उलट उदाहरण 'द ओरिजिनल्स'च्या शेवटच्या भागात आहे. होपमधलं काळं सत्त्व स्वतःत घेऊन क्लाउस मरायला निघतो, तेव्हा एलायजा त्याला अडवत नाही, फसवत नाही आणि त्याची जागाही बळकावत नाही. मी पण येतो म्हणतो. पांढऱ्या ओकच्या (ओरिजिनलला खरोखर मारणाऱ्या लाकडाच्या) एका खुंटीचे दोन तुकडे, दोघांनी एकमेकांच्या छातीत. लक्षात घ्या, याच सीझनच्या सहाव्या भागात स्मृती गेलेल्या एलायजाने क्लाउसला रोखून धरलं आणि समोर होपची आई हेली उन्हात जळाली. तेव्हा शपथ आठवत नव्हती, आठवण परतल्यावर त्याला ते ओझं पेलवत नव्हतं. तरीही शेवटचा निर्णय दोघांनी बोलून, एकमेकांना माहीत असताना घेतला. सॅल्व्हटोर भावांना आठ सीझनमध्ये हे एकदाही जमलं नाही.

वाळूघड्याळ:

एकदा जमलं असतं, सीझन ३ च्या नवव्या भागात. मिकाएलकडून क्लाउसला मारायचा डेमनचा बेत अगदी टोकाला आलेला असतो. स्टेफन ऐनवेळी क्लाउसला वाचवतो. कारण कॅथरीनने त्याला सांगितलेलं असतं की क्लाउस मेला तर त्याचे हायब्रिड (अर्धे लांडगे, अर्धे व्हॅम्पायर) डेमनला मारतील. डेमनला हे ठाऊक असतं तर बेत बदलता आला असता. कोणी सांगितलं नाही, त्यामुळे भावाने दगा दिला असंच डेमनला वाटलं, आणि त्यानंतर क्लाउसच्या भावंडांच्या शवपेट्या चोरण्याचा सगळा खटाटोप स्टेफनने एकट्याने सुरू केला.

पानगळ:

हे सगळं डोळ्यांसमोर ठेवून पुन्हा बघायचं तर कोणते भाग कोणत्या क्रमाने?

उंबरठा:

सॅल्व्हटोरांसाठी सीझन १ चे भाग ८, १३, १४ आणि २० लागोपाठ. तेराव्यात स्टेफन आणि एलेना डेमनला न सांगता वडिलांच्या थडग्यातून जादूचं पुस्तक काढतात, चौदाव्यात कबर उघडते आणि आत कॅथरीन नसते. मग सीझन २ चे १८ ते २२ न तोडता, सीझन ३ चे ३, ५, ८, ९, १५, आणि थेट सीझन ८ चा शेवटचा. मायकेलसनांसाठी 'द ओरिजिनल्स'चा पहिला भाग चुकवू नका. क्लाउस त्यातच एलायजाला खंजीर मारतो आणि पुढे मार्सेलच्या हवाली करतो. मग १५, १६, २२. दुसरा आणि तिसरा सीझन मात्र सुटे भाग बघून कळत नाहीत, ते सलग बघावे लागतील. पाचवा सहाव्या भागापासून शेवटपर्यंत.